समाजकार्याची पदवी आहे, पण पात्रतेची ओळख नाही
चार वर्षांच्या रचनेने दिल्लीतील विद्यार्थ्यांपुढे उभा केलेला जुनाच प्रश्न

नवी दिल्ली : दिल्ली विद्यापीठात चार वर्षांच्या पदवी रचनेखाली २०२२ मध्ये दाखल झालेली पहिली तुकडी २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात चौथ्या वर्षात पोहोचली. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडायचे की संशोधनासह चौथे वर्ष पूर्ण करायचे, हा निर्णय सर्वच शाखांच्या विद्यार्थ्यांना घ्यावा लागला. समाजकार्य विषयात बी. ए. (ऑनर्स) करणाऱ्यांसाठी मात्र तो अधिक अवघड ठरला. त्यांची पदवी व्यावसायिक प्रशिक्षणाची आहे. पण त्या व्यवसायाला देशात नियामक परिषद नाही, परवाना नाही आणि बहुतांश भरती नियमांत पदवीच्या पातळीवरील पात्रतेला स्वतंत्र स्थानही नाही.

बालसंरक्षण, मानसिक आरोग्य, कारागृह सुधारणा, कामगार कल्याण, पुनर्वसन या सर्व क्षेत्रांत शासनाला आणि स्वयंसेवी संस्थांना प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची गरज भासते. कायदे त्यांचा उल्लेख करतात, योजना त्यांची पदे निर्माण करतात. तरीही वयाच्या १८ व्या वर्षी हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या पदवीने नेमके कोणते दार उघडेल, याचे खात्रीचे उत्तर मिळत नाही. गरज आणि पात्रता यांना जोडणारा दुवाच कच्चा राहिल्याने ही स्थिती ओढवली आहे.

कळसाकडून पायाकडे

भारतातील समाजकार्य शिक्षणाची बांधणी वरून खाली झाली. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा वस्तीत केलेल्या कामाचा अनुभव तिच्या मुळाशी होता. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, वायडब्ल्यूसीए या महिला संघटनेच्या पुढाकाराने दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्कची स्थापना झाली. पुढे ही संस्था दिल्ली विद्यापीठाचा समाजकार्य विभाग बनली. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली होती. जामिया मिलिया इस्लामियानेही १९६० च्या दशकात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले.

पदव्युत्तर शिक्षण हेच व्यवसायाचे प्रवेशद्वार, ही धारणा या क्रमातून रूढ झाली. अन्य कोणत्याही विषयाचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊन एमएसडब्ल्यूला येऊ शकतो. त्यामुळे आधीची तीन वर्षे समाजकार्य शिकलेल्या विद्यार्थ्याला आणि वाणिज्य किंवा इतिहास शिकून आलेल्या विद्यार्थ्याला एकाच वर्गात, पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. नियोक्तेही जाहिरातीत बहुधा एमएसडब्ल्यूच मागतात. पदवीचा अभ्यासक्रम अशा रीतीने व्यवसायाचा पाया होण्याऐवजी पूर्वतयारीचा वर्ग ठरत गेला.

दिल्ली विद्यापीठाच्या रचनेत ही उतरंड नकाशावरही दिसते. पदव्युत्तर विभाग विद्यापीठाच्या मुख्य परिसराशी जोडलेला आहे. पदवीचे शिक्षण शहराच्या कडेला असलेल्या दोन महाविद्यालयांत दिले जाते. डॉ. भीमराव आंबेडकर महाविद्यालय ईशान्य दिल्लीत यमुना विहार परिसरात आहे, तर मुलींसाठीचे अदिती महाविद्यालय वायव्येला बवाना येथे आहे. याखेरीज जामियामध्ये पदवी अभ्यासक्रम आहे आणि मैदानगढी येथे मुख्यालय असलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ दूरशिक्षणातून बीएसडब्ल्यू देते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील काही खासगी विद्यापीठांनीही हा विषय सुरू केला आहे.

वर्गाबाहेरची शाळा

ही दोन्ही महाविद्यालये शहराच्या कडेला असणे एका अर्थाने शिक्षणाच्या पथ्यावर पडले आहे. ईशान्य दिल्ली हा देशातील सर्वाधिक दाट लोकवस्तीच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथे प्रति चौरस किलोमीटर ३६ हजारांहून अधिक लोक राहतात. फेब्रुवारी २०२० च्या दंगलीत ५३ जणांचा बळी गेला, तो याच भागात. बवानाचा इतिहास वेगळा, पण तितकाच बोलका आहे. यमुना पुश्ता येथील झोपडपट्ट्या २००४ मध्ये हटवल्यानंतर त्यातील अनेक कुटुंबांना रोजगाराच्या जागेपासून दूर बवानाच्या पुनर्वसन वसाहतीत पाठवण्यात आले. शेजारच्या औद्योगिक क्षेत्रात जानेवारी २०१८ मध्ये फटाक्यांशी संबंधित एका कारखान्याला लागलेल्या आगीत १७ कामगारांचा मृत्यू झाला. विस्थापन, असंघटित श्रम आणि जातीय तणाव हे विषय येथील विद्यार्थ्यांच्या दारातच आहेत.

समाजकार्याच्या शिक्षणाला इतर सामाजिक शास्त्रांपासून वेगळे करणारा घटक म्हणजे क्षेत्रकार्य. बहुतेक संस्थांच्या प्रथेनुसार विद्यार्थी आठवड्याचे दोन दिवस एखाद्या रुग्णालयात, शाळेत, बालगृहात, वस्तीत किंवा स्वयंसेवी संस्थेत काम करतो. व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या पद्धती पुस्तकात शिकायच्या आणि वस्तीत वापरून पाहायच्या, असा हा क्रम असतो. गृहभेट कशी घ्यावी, समोरच्याचे बोलणे न तोडता कसे ऐकावे, निवृत्तिवेतनाचा अर्ज कोणत्या खिडकीवर अडतो, हे तेथे कळते. केलेल्या कामाचा तपशीलवार अहवाल दर आठवड्याला लिहावा लागतो आणि त्यावर मार्गदर्शक प्राध्यापकाशी स्वतंत्र चर्चा होते. खरे प्रशिक्षण होते ते या चर्चेत.

नव्या रचनेत या घटकाचे गणित बदलले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मापनानुसार प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. चार श्रेयांकांचे क्षेत्रकार्य धरले, तर एका सत्रात १२० तास होतात. आठवड्याचे दोन दिवस आणि दिवसाचे साडेसात तास हा जुना हिशेब १५ आठवड्यांच्या सत्रात २२५ तासांवर जातो. शिवाय दिल्ली विद्यापीठाच्या चार वर्षांच्या १७६ श्रेयांकांत मुख्य विषयासोबत सामायिक ऐच्छिक, कौशल्यवृद्धी आणि मूल्यवर्धन अभ्यासक्रमांचाही वाटा आहे. वेळापत्रकात त्यांना जागा देताना सलग दोन मोकळे दिवस काढणे महाविद्यालयांना कठीण जाते.

अर्थात, तासांची संख्या हा एकच निकष मानणे योग्य ठरणार नाही. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीसाठी किमान ४०० तासांचे क्षेत्रकार्य बंधनकारक आहे. सहा सत्रांत प्रत्येकी १२० तास मोजले, तरी भारतीय विद्यार्थी ७२० तासांवर पोहोचतो. फरक आहे तो तपासणीत. तेथे अभ्यासक्रमाला अधिस्वीकृती देणारी स्वतंत्र परिषद आहे. विद्यार्थी कोणत्या संस्थेत, कोणाच्या देखरेखीखाली आणि काय शिकला, याची पडताळणी होते. येथे ती जबाबदारी महाविद्यालयाच्या आणि मार्गदर्शकाच्या निष्ठेवर सोडलेली आहे. मार्गदर्शकाकडे विद्यार्थी वाढले की स्वतंत्र चर्चा आखडत जाते आणि मग अहवाल केवळ सही घेण्यापुरते उरतात.

या संदर्भात शिक्षकांच्या स्थितीचा विचार अपरिहार्य ठरतो. आंबेडकर आणि अदिती ही दोन्ही महाविद्यालये दिल्ली सरकारच्या १०० टक्के अनुदानावर चालणाऱ्या १२ महाविद्यालयांपैकी आहेत. या महाविद्यालयांच्या अनुदानावरून राज्य सरकार आणि विद्यापीठ यांच्यात अनेक वर्षे वाद झाला आणि वेतनाला विलंब झाल्याच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या. व्याख्यानापेक्षा वैयक्तिक मार्गदर्शनावर उभ्या असलेल्या विषयाला अशा अस्थैर्याची झळ अधिक बसते.

खर्चाचा भारही दुर्लक्षिण्यासारखा नाही. क्षेत्रकार्यासाठी दर आठवड्याला होणारा प्रवास विद्यार्थ्याच्या खिशातून होतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीतील सार्वजनिक बसमधून महिलांना मोफत प्रवास सुरू झाला, तेव्हा बवानासारख्या भागातील विद्यार्थिनींना त्याचा थेट लाभ झाला. परिवहन धोरणातील एका निर्णयाने शिक्षणाचा परीघ कसा वाढतो, याचे हे उदाहरण आहे. मात्र मेट्रोच्या प्रवासाला ही सवलत लागू नाही.

कायद्यातील एक शब्द

या पदवीचे कायद्यातील स्थान किती विसंगत आहे, हे अल्पवयीन न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ वाचताना लक्षात येते. या कायद्यानुसार प्रत्येक बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात व त्यातील किमान एक महिला असावी लागते. या सदस्यांची पात्रता सांगताना मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणविषयक कामाचा सात वर्षांचा अनुभव, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा या विषयांतील पदवी असलेला व्यावसायिक, असे पर्याय दिले आहेत. पद सामाजिक कार्यकर्त्याचे आहे, पण पदव्यांच्या यादीत समाजकार्य नाही.

याच कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा बालकल्याण समितीच्या सदस्यांसाठीच्या पदव्यांत समाजकार्याचा स्पष्ट समावेश करण्यात आला. अशा प्रकारे एकाच कायद्याखालील दोन यंत्रणांपैकी एकीला ही पदवी मान्य आहे, दुसरीच्या यादीत तिचे नावही नाही. पात्रतेचा विचार तत्त्वाने होण्याऐवजी मसुदा करणाऱ्याच्या सवयीने झाला, एवढाच याचा अर्थ निघतो.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात अडचण उलट दिशेची आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणून समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर या विषयातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. केलेली व्यक्ती, किंवा विहित केलेली अन्य मान्य पात्रता असलेली व्यक्ती अभिप्रेत आहे. दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम. फिल. बंद करण्याची भूमिका घेतली. अनुदान आयोगाने या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. कायद्याने मागितलेली पदवी शिक्षण धोरणाने मोडीत काढली आणि मधल्या पोकळीत विद्यार्थी उभा राहिला, असे हे चित्र आहे.

दिलासा देणारी एक घडामोडही नोंदवावी लागेल. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२१ च्या परिशिष्टात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून मान्यतेसाठी किमान ३,६०० तासांची पदवी, अशी चौकट या कायद्याने घातली. समाजकार्याच्या एका शाखेला यातून प्रथमच नोंदणीची वाट मिळू शकते. परंतु वस्ती, बालगृह, पोलीस ठाणे किंवा कारखाना येथे काम करणारा समाजकार्यकर्ता या चौकटीबाहेरच राहतो.

मानधनाचा आरसा

पदवीला थेट स्थान देणारी एक केंद्रीय योजना आहे, ती म्हणजे मिशन वात्सल्य. तिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा बालसंरक्षण कक्षातील समाजकार्यकर्त्याच्या पदासाठी पदवी आवश्यक आहे आणि समाजकार्य, समाजशास्त्र किंवा सामाजिक शास्त्रांतील पदवीला प्राधान्य आहे. या पदासाठी दरमहा १८,५३६ रुपये एकत्रित मानधन ठरवण्यात आले.

ही रक्कम दिल्लीच्या संदर्भात ठेवून पाहिली की तिचे वजन कळते. एप्रिल २०२५ पासून दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये, तर पदवीधर कर्मचाऱ्याचे २४,३५६ रुपये करण्यात आले. म्हणजे बालसंरक्षणासाठी नेमलेल्या पदवीधर समाजकार्यकर्त्यासाठी केंद्राच्या सूचनांत ठरलेली रक्कम अकुशल कामगाराच्या किमान वेतनाहून केवळ ८० रुपयांनी अधिक आणि पदवीधराच्या किमान वेतनाहून ५,८२० रुपयांनी कमी आहे. राज्यांना आपल्या निधीतून भर घालण्याची मुभा असली, तरी मूळ आकड्यातून व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टी प्रकट होते.

गुरुग्राम आणि नोएडातील कंपन्यांच्या कार्यालयांमुळे राजधानी क्षेत्रात दुसरा मार्ग खुला आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. पण तेथील नोकऱ्यांत व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधरही स्पर्धेत असतात. कारखान्यांतील कल्याण अधिकाऱ्याचे पद हा आणखी एक जुना मार्ग. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० कामगारांच्या कारखान्यात हा अधिकारी सक्तीचा केला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २५० कामगारांवर आणली. पदांची संख्या त्यामुळे वाढू शकते. त्यावर समाजकार्याच्या पदवीधरांचा हक्क किती, हे मात्र राज्यांच्या नियमांवर अवलंबून राहील.

महाराष्ट्राचा अनुभव

समाजकार्य शिक्षणाचा जिल्हावार प्रसार महाराष्ट्राइतका फार थोड्या राज्यांत झाला. मुंबईचे निर्मला निकेतन, नागपूरची मातृसेवा संघाची संस्था, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांच्यापासून विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील महाविद्यालयांपर्यंत ही साखळी पसरली आहे. टाटा संस्थेच्या तुळजापूर परिसरातही पदवीचे शिक्षण सुरू झाले. अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाऐवजी सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत असणे हे राज्याचे वैशिष्ट्य आहे.

या प्रसाराने प्रशिक्षित मनुष्यबळ दिले, पण नोकरीचा प्रश्न तेथेही सुटला नाही. शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षकाच्या पदासाठी पदव्युत्तर शिक्षणाकडेच पाहिले जाते. मात्र याच राज्याने एक वेगळा धडाही दिला. १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. हिंसाचारग्रस्त महिलेची तक्रार ऐकायला पोलीस यंत्रणेतच प्रशिक्षित समाजकार्यकर्ता बसवण्याचा तो प्रयोग होता आणि पुढे राज्य शासनाने तो स्वीकारून विस्तारला. कामाचे स्वरूप निश्चित झाले, त्याला यंत्रणेत जागा मिळाली, तेव्हा पात्रतेलाही अर्थ आला.

सेवा आणि कार्य

मराठीत समाजसेवा आणि समाजकार्य हे दोन शब्द वेगळे आहेत. सेवेला भावना पुरते. कार्याला पद्धत, नोंद आणि उत्तरदायित्व लागते. व्यवहारात हा भेद पुसला गेला आहे. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रांत व्यवसायाच्या रकान्यात ‘समाजसेवा’ लिहिणारे उमेदवार प्रत्येक पक्षात असतात. वैद्यकीय पदवीशिवाय कोणी स्वतःला डॉक्टर म्हणवू शकत नाही. सामाजिक कार्यकर्ता मात्र कोणीही म्हणवू शकतो. समाजाच्या कामात सर्वांना मोकळीक असावी, हे खरे. महात्मा फुले किंवा बाबा आमटे यांच्या कार्याला कोणत्याही पदवीची गरज नव्हती. प्रश्न आहे तो शासनाच्या वतीने एखाद्या मुलाविषयी किंवा रुग्णाविषयी निर्णयाला आधार देणारा अहवाल कोणी लिहावा, हा.

इतर देशांनी हा भेद कायद्याने केला. फिलिपिन्समध्ये १९६५ च्या कायद्याने समाजकार्याची पदवी, १,००० तासांचे प्रात्यक्षिक आणि परवाना परीक्षा हा क्रम ठरवला. तेथे पदवी हेच व्यवसायाचे प्रवेशद्वार आहे. इंग्लंडमध्ये २०१९ पासून स्वतंत्र नियामक संस्था नोंदणीचे काम पाहते आणि नोंदणीशिवाय हे पदनाम वापरता येत नाही. भारतात राष्ट्रीय परिषदेची मागणी अनेक दशके होत आहे, मसुदेही तयार झाले. कायदा झालेला नाही.

परिषद स्थापन होईपर्यंत काहीच करता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. बालकल्याण समितीच्या पात्रतेत २०२१ मध्ये एक शब्द घालता आला, तसाच तो बाल न्याय मंडळाच्या तरतुदीतही घालता येईल. केंद्र आणि राज्यांच्या योजनांत ‘प्राधान्य’ या शब्दाच्या जागी ‘आवश्यक’ हा शब्द आणण्यासाठी संसदेची गरज नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. मानधन किमान त्या राज्यातील पदवीधराच्या किमान वेतनाइतके असावे, हा निकषही प्रशासकीय आदेशाने लागू होऊ शकतो.

विद्यापीठांच्या हाती असलेला निर्णय अधिक तातडीचा आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी देण्याची तरतूद अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यात आहे. समाजकार्याच्या पदवीधराला यामुळे प्रथमच इतर शाखांतून येणाऱ्यांपेक्षा एक वर्षाचा लाभ मिळू शकतो. पण चौथे वर्ष केवळ प्रबंधलेखनात गेले आणि पदव्युत्तर वर्ष वर्गातील व्याख्यानांत संपले, तर पाच वर्षांच्या शेवटी क्षेत्राचा अनुभव जुन्या पद्धतीपेक्षा कमीच भरेल. चौथ्या वर्षात एखाद्या रुग्णालयात किंवा बालसंरक्षण कक्षात देखरेखीखालील सलग क्षेत्रकार्य, हा संशोधनाला समकक्ष पर्याय म्हणून मान्य करणे हा यावरचा व्यवहार्य मार्ग दिसतो.

यातील खरे नुकसान विद्यार्थ्यांपुरते मर्यादित नाही. कायद्याचा भंग केल्याचा आरोप असलेल्या मुलाविषयीचा सामाजिक अन्वेषण अहवाल दोन आठवड्यांत सादर करावा, असे अल्पवयीन न्याय कायदा सांगतो. ते मूल कोणत्या घरातून आले, शाळा का सुटली, त्याला परत कोठे पाठवता येईल, हे मंडळाला त्या कागदावरून समजते. तो लिहिणाऱ्या व्यक्तीला वस्तीत जाऊन ऐकण्याचे आणि ऐकलेले तारतम्याने मांडण्याचे शिक्षण मिळाले आहे की नाही, यावर त्या मुलाची पुढची वर्षे अवलंबून असतात. बवाना आणि यमुना विहारच्या वर्गांतून हे शिक्षण घेऊन दरवर्षी तरुण बाहेर पडतात. त्यांना त्या कामापर्यंत पोहोचवणारी वाट नियमांत आखणे, हे आता शासनाचे आणि विद्यापीठांचे काम आहे.